दुपटं सुटतंय, बॅग मोठी आहे, मग आज रात्री काय?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते.

“माझा मुलगा सव्वातीन महिन्यांचा आहे. वजन ५ किलो ८०० ग्रॅम. जन्मल्यापासून सासूबाई त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवतात आणि तसा तो सलग चार-साडेचार तास झोपतो. हात मोकळे राहिले की अर्ध्या-अर्ध्या तासानं दचकून उठतो. नणंदेनं स्लीपिंग बॅग भेट दिली आहे. नवरा म्हणतो, आता दुपटं पुरे, बॅग वापरू. सासूबाई म्हणतात, त्या पिशवीत हात मोकळे राहतात, बाळ घाबरतं, शिवाय त्याचे हातपाय आधीच गार लागतात. म्हणून त्या रात्री टोपडंही घालतात. बॅगेवर ‘६ ते १८ महिने, २.५ टॉग’ असं लिहिलं आहे. आमच्या खोलीत रात्री साधारण २६ अंश असतात. मला दोघांचंही पटतं आणि मधल्या मध्ये माझी झोप उडाली आहे. (परवा पहाटे पाहिलं तर तो दुपट्यातच कुशीवर वळला होता, एक हात बाहेर आला होता. तेव्हापासून सासूबाई अजून घट्ट बांधतात आणि दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावतात.) दुपटं की बॅग, काय ते एकदा सांगा.”

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलं आहे. तो दुपट्यात असताना कुशीवर वळला. एवढ्यावर दुपट्याचा प्रश्न संपला. आज रात्रीपासून गुंडाळणं बंद करा. हळूहळू सवय मोडू, पुढच्या आठवड्यात बघू, असं करू नका.

आणि भेट आलेली बॅगही आज काढू नका. ती त्याच्या मापाची नाही आणि तुमच्या खोलीला फार गरम आहे. म्हणजे आज रात्री दोन्ही नकोत. पूर्ण बाह्यांचा, पाय झाकणारा एक सुती स्लीपसूट घाला, सपाट आणि कडक गादीवर उताणं झोपवा, अंगावर काही घालू नका. २६ अंशांच्या खोलीत त्याला एवढं पुरतं.

आता कारणं सांगते. घरात तुम्हाला दोघांशी बोलायचं आहे, आणि पहाटे तीन वाजता तो रडायला लागला की “आज एक दिवस बांधूया का?” हा प्रश्न तुमच्याच मनात येणार आहे. तेव्हा ही कारणं हाताशी असू देत.

आधी सासूबाईंची बाजू, कारण त्यांचं बरंचसं बरोबर होतं. नवजात बाळ गुंडाळलं की शांत होतं हा त्यांचा अनुभव खराच आहे. बाळाचं डोकं जरासं मागे झुकलं, दार आपटलं, किंवा त्याचं तेच झोपेत हललं, तरी दोन्ही हात झटक्यात बाजूला फाकतात, बोटं पसरतात आणि पुढच्या क्षणी कुणाला मिठी मारावी तसे हात छातीशी परत येतात. बहुतेक वेळा पाठोपाठ रडं येतंच. हायडलबर्गचे बालरोगतज्ज्ञ एर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली याचं नीट वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. आपण दचकणं म्हणतो. बाळ कशाला तरी घाबरलं असा त्याचा अर्थ नाही. मज्जासंस्था अजून कच्ची आहे, ती पक्की होत जाते तसं हे दचकणं विरत जातं. साधारण चौथ्या महिन्यापर्यंत बरंच कमी होतं, काहींचं सहाव्यापर्यंत राहतं. तुमचा मुलगा सव्वातीन महिन्यांचा आहे, म्हणजे हा टप्पा सरत आला आहे. त्याच्या झोपेसाठी दुपट्याची जेवढी गरज पहिल्या महिन्यात होती तेवढी आता उरलेलीच नाही. हे सासूबाईंना आवर्जून सांगा.

दुपटं तो फाकणारा हात धरून ठेवतं, म्हणून झोप लांबते. पण त्याच कारणानं बाळाला जाग यायलाही वेळ लागतो, आणि इथे मला काळजी वाटते. एवढ्याशा जीवानं रात्रीत पुन्हा पुन्हा जागं होणं आपल्याला नकोसं होतं, तरी ती त्याची राखण आहे. नाकाशी काही आलं, फार उकडलं, श्वास अडखळला, तर बाळ चुळबुळतं, मान फिरवतं, हात तोंडाशी नेतं, कुरकुरतं. हात बांधलेले असतील तर यातलं निम्मं त्याला करताच येत नाही.

मी नवजात बाळांच्या विभागात बरीच वर्षं परिचारिका होते. दुपट्यात कसं गुंडाळायचं हे मी शेकडो आयांना शिकवलं आहे. कापड चौकोनी अंथरायचं, वरचा कोपरा आत दुमडायचा, बाळाचे खांदे त्या दुमडीच्या रेषेवर आणायचे, एक हात अंगाशी, मग दुसरा. छातीपाशी कापड आणि अंग यांच्यामध्ये आपली दोन-तीन बोटं सरकली पाहिजेत, पायांकडे मोकळं. एकदा अशीच मी शिकवलेली एक आई साडेतीन महिन्यांच्या मुलीला घेऊन तपासणीला आली. मुलगी छान होती. आई मात्र बोलता बोलता थरथरायला लागली. आदल्या रात्री ती पाण्यासाठी उठली, तेव्हा मुलगी गुंडाळलेल्या अवस्थेत पूर्ण पालथी होती आणि दुपट्याची दुमड वर सरकून नाकाशी गोळा झाली होती. श्वासाचा आवाज दबका येत होता, म्हणून तिनं दिवा लावला. तिला तहान लागली नसती तर, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. माझ्या तर आजही जात नाही. गुंडाळायचं कसं हे मी तिला दोनदा करून दाखवलं होतं. थांबायचं कधी, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक आईला गुंडाळणं शिकवायच्या आधी थांबणं शिकवलं.

थांबायची वेळ बाळ ठरवतं, कॅलेंडर नाही. कुणी तीन महिन्यांचं असताना वळतं, कुणी दोन महिन्यांचं होतानाच कंबर उचलून एका अंगावर जायला लागतं. पूर्ण पालथं पडण्याची वाट बघायची नाही. वळायचा प्रयत्न दिसला की बंद. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिएट्रिक्सनं २०२२ साली बाळांच्या सुरक्षित झोपेबद्दलच्या सूचना नव्यानं दिल्या, त्यातही हेच आहे, आणि ही वेळ बहुधा तीन ते चार महिन्यांच्या दरम्यान येते असं म्हटलं आहे. तुमचा मुलगा बरोबर तिथेच आहे.

वळण्यावर एवढा भर का, ते समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. वरवर निरोगी असलेलं बाळ झोपेत, शोधूनही कारण न सापडता दगावतं, याला सिड्स म्हणतात. दोन ते चार महिने हा त्यातला सगळ्यात नाजूक काळ आणि बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवा अशी मोठी मोहीम चालली. पुढच्या काही वर्षांत दोन्हीकडे हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. नवं औषध नाही, यंत्र नाही, बाळाची कूस बदलली एवढंच. २०१६ साली ‘पेडिएट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात गुंडाळण्याबद्दलच्या चार अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले गेले. त्यात गुंडाळलेल्या बाळांमधला धोका पाठीवर असताना सगळ्यात कमी, कुशीवर त्याहून जास्त, आणि पालथं असताना तर जवळजवळ १३ पट दिसला. अभ्यास मोजके होते, त्यामुळे नेमक्या आकड्याला धरून बसू नका. पण चढता क्रम लक्षात ठेवा. कुशीवर झोपलेलं बाळ एका झोलात पालथं होतं, आणि हात बांधलेलं बाळ पालथं झालं की त्याला छाती उचलून तोंड बाजूला करता येत नाही.

म्हणूनच “अजून घट्ट” हा उपाय नाही. सव्वातीन महिन्यांच्या मुलाच्या पायांत आणि कमरेत जोर आलेला असतो, हात बांधल्यानं तो जोर जात नाही. तो पुन्हा वळेल, आणि वळल्यावर अधिक अडकेल. छातीभोवती घट्ट बांधलं तर श्वासाला पुरेशी जागा राहत नाही. दोन्ही बाजूंच्या गुंडाळ्याही आजच काढा. त्यांनी बाळ अडत नाही आणि तोंड त्यांच्यात रुतण्याची भीती मात्र राहते. उशी, लोड, मऊ खेळणी, पाळण्याच्या कडेला बांधायच्या गाद्या, सगळं यातच आलं.

पायांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण घट्ट बांधणारे हात बहुतेक वेळा पायही सरळ ओढून बांधतात. मी स्वतः सुरुवातीला तसंच शिकले होते. “नाहीतर पाय वाकडे राहतील,” असं मला सांगितलं गेलं आणि मीही तेच पुढे सांगत राहिले. बाळाचे पाय पोटात असल्यापासून बेडकासारखे दुमडलेले आणि बाहेर फाकलेले असतात, आणि पहिले काही महिने तसेच राहायला हवेत. खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि त्यात बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा. जन्मतः ही वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. पाय दुमडलेले आणि फाकलेले असतील तर गोळा वाटीत नीट बसतो आणि वाटी त्याच्याभोवती घडत जाते. पाय सरळ ताणून एकमेकांना चिकटवून बांधले की गोळा वाटीच्या कडेकडे ढकलला जातो. जपानमध्ये बाळांचे पाय सरळ करून बांधू नका अशी मोहीम १९७० च्या दशकात हाती घेतली गेली, आणि खुबा निखळण्याचं बाळांमधलं प्रमाण तिथे खूप खाली आलं. तुमच्या मुलाचे पाय इतके दिवस सरळ बांधले जात असतील, तर घाबरून जाऊ नका. पुढच्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि खुबे तपासायला सांगा. डायपर बदलताना एक मांडी दुसरीइतकी फाकत नसेल, किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर लसीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

आता बॅग. नवरा म्हणतो ते तत्त्व बरोबर आहे. हात बाहेर, खांद्यांवर धरलेली, पायांशी ऐसपैस अशी ही पिशवी म्हणजे बाळाच्या अंगावरून सरकून तोंडावर न येणारं पांघरूण. डच भाषेत तिचं जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी ‘लाथा मारायची पिशवी’ असा होतो, आणि ते नाव मला फार आवडतं, कारण बाळानं त्यात नेमकं तेच करायचं असतं. गुडघे वर घेता आले पाहिजेत, पाय फाकता आले पाहिजेत. सैल पांघरूण न घालता ऊब हवी असेल, तर बाळ वळायला लागल्यापासून पुढे दीड-दोन वर्षांपर्यंत मला यापेक्षा बरं काही माहीत नाही. वळणारं बाळ त्यात वळू शकतं, आणि हात मोकळे असल्यानं पालथं झालं तर स्वतःला उचलू शकतं. तुम्ही दर वेळी उताणं ठेवायचं. पुढे तो दोन्हीकडून आपला आपण उलटायला लागला की झोपेत जसा वळेल तसा राहू द्यायचा, सारखं उठून सरळ करत बसायची गरज नाही.

पण माप चुकलं तर हाच फायदा उलटतो. तुमची बॅग ‘६ ते १८ महिने’ची आहे. सव्वातीन महिन्यांचं ५ किलो ८०० ग्रॅमचं बाळ त्यात घातलं, तर गळा आणि बाह्यांची भोकं मोठी पडतील, बाळ झोपेत खाली सरकेल आणि डोकं आत जाईल. “वाढतं बाळ आहे, थोडी मोठी घेऊ” हा हिशेब कपड्यांत चालतो, इथे चालत नाही. महिन्यांपेक्षा वजन बघा, चांगल्या बॅगेवर किती किलोपासून किती किलोपर्यंत ते लिहिलेलं असतं. युरोपात २०१८ पासून या बॅगांसाठी ईएन १६७८१ हे वेगळं सुरक्षा मानक आहे. तो आकडा लेबलवर दिसला तर निवड थोडी सोपी होते. नाही दिसला तर स्वतः करून बघा. बाळाला बॅग घाला, झिप पूर्ण लावा, आणि समोरचं कापड धरून हलकेच वर ओढा. गळ्याची कड हनुवटीच्या वर येत असेल तर ती बॅग परत ठेवा. गळ्याशी तुमचं बोट सहज गेलं पाहिजे, डोकं मात्र कशानंही आत जाता कामा नये. टोपी जोडलेली नको. बाह्या मिटून हात आत ठेवणारी नको, ते पुन्हा दुपटंच झालं. आणि पोटावर वजन भरलेली, “बाळाला मिठीसारखं वाटतं” म्हणून विकली जाणारी बॅग किंवा दुपटं तर अजिबात नको. २०२२ च्या त्याच सूचनांमध्ये वजनदार दुपटी आणि बॅगा वापरू नका असं स्वच्छ म्हटलं आहे.

नणंदेची भेट वाया जाणार नाही. सहा महिने पार झाले, वजन लेबलवरच्या आकड्यांत आलं, गळा नीट बसला आणि तेव्हा खोली थंड असेल, तर वापरा. थंड खोलीची अट घातली ती त्या २.५ मुळे. टॉग म्हणजे कापड किती ऊब धरून ठेवतं त्याचं माप. २.५ टॉगची बॅग साधारण १६ ते २० अंशांच्या खोलीसाठी असते. २१ ते २३ अंशांना १ टॉग, आणि २४ च्या पुढे ०.५ किंवा त्याहून पातळ. तुमच्या २६ अंशांत २.५ ची बॅग म्हणजे आपण उकाड्यात रजई ओढून झोपण्यासारखं. तुम्ही उकडलं की पाय बाहेर काढता, बाळाला झिप उघडता येत नाही. नवी घेणार असाल तर त्याच्या वजनाची, सुती, ०.५ टॉगची घ्या, आणि आत एक पातळ कपडा पुरे. नाही घेतलीत तरी चालेल. या तापमानात बॅग ही गरज नाही, सोय आहे. बॅगेवर पांघरूण मात्र कधीच घालायचं नाही, ती स्वतःच पांघरूण आहे.

हात-पाय गार लागतात हे खरं, आणि ते बहुतेक बाळांचे लागतात. या वयात रक्ताभिसरण आधी पोट-छातीकडे लक्ष देतं, हातापायांची टोकं गारच राहतात. त्यावरून कपडे चढवले तर बाळ आतून तापतं. झोपेतल्या बाळाची ऊब मानेच्या मागे बघायची. आपली बोटं आधी चोळून कोमट करा, मग त्याच्या कॉलरमधून मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये सरकवा. कोरडं आणि कोमट लागलं की झालं. चिकट, ओलसर लागलं, केस भिजल्यासारखे झाले असतील, गाल लाल असतील, छाती गरम असेल, तर एक थर लगेच काढा. सासूबाईंचाही हात तिथे ठेवून बघा. वर्षानुवर्षं मुलं सांभाळलेल्या बाईला बोटांनी जे कळतं ते तुमच्या-माझ्या समजावण्यानं कळणार नाही. आणि टोपडं झोपताना काढा. बाळ जास्तीची उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यातून बाहेर टाकतं, शिवाय टोपडं खाली सरकून नाकावर येतं. बाहेर गार वाऱ्यात जाताना घाला, घरात झोपेत नको.

पुढचे तीन-चार दिवस, कदाचित आठवडा, कठीण जाईल. हे लपवून ठेवून तुम्हाला धीर देणं मला बरोबर वाटत नाही. बाळ सारखं उठेल. पण तुम्ही लिहिता त्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दचकण्यातलं बरंचसं आपण खाली ठेवतानाच सुरू करून देतो. आपण बाळ पाळण्यात ठेवतो ते आधी डोकं टेकवून किंवा सगळं एकदम. डोकं मागे पडल्यासारखं झालं की हात फाकलेच. त्याऐवजी त्याला छातीशी घेऊन इतकं वाका की तुमचं अंग त्याच्या अंगाला लागलेलं राहील. आधी त्याचे पाय गादीला लागू देत, मग कुल्ले, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी डोकं. डोक्याखालचा हात लगेच ओढू नका. दहापर्यंत मनात मोजा. दुसऱ्या हातानं त्याचे दोन्ही हात त्याच्या छातीवर एकत्र धरून ठेवा, नुसतं वजन जाणवेल इतपत. श्वास संथ झाला की आधी डोक्याखालचा हात सावकाश काढा, मग छातीवरचा एकेक बोटानं हलका करत न्या. पहिल्या रात्री हे पाच-सहा वेळा करावं लागेल. नवऱ्यालाही शिकवा, रात्री दोघांत वाटून घ्या. तुम्ही एकटीनं हे सगळं उचलायचं नाही. थकलेल्या आईला सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन डोळा लागतो, आणि सोफ्यावरची ती झोप बाळासाठी दुपट्याहूनही धोक्याची आहे. तसं वाटायला लागलं की बाळ नवऱ्याकडे द्या आणि जाऊन पडा.

दचकून हात उडाला तरी लगेच उचलू नका. अर्धा मिनिट बघा. या वयाच्या बाळाला नुकतेच आपले हात सापडलेले असतात. मूठ तोंडात जाते, चोखतं, आणि कधी कधी पुन्हा डोळे मिटतात. दुपट्यात हा शोध त्याला रात्री लागलाच नव्हता. आणि मूठ चोखून चोखून तो अस्वस्थच होत राहिला तर त्याला भूक लागली आहे. गुंडाळलेल्या बाळाची ही खूणही आपल्याला दिसत नाही, ते थेट रडतंच.

हात आधी एक बाहेर, मग दुसरा, असं टप्प्याटप्प्यानं सोडवायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती चांगली आहे, पण अजून वळायला न लागलेल्या बाळासाठी. तुमच्या मैत्रिणींपैकी कुणाचं बाळ दोन महिन्यांचं असेल तर तिला जरूर सांगा. तुमच्यासाठी ती वेळ गेली. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, किंवा त्याला आधीपासून खुब्याचा, श्वासाचा काही त्रास असेल, तर कुणाचाही सल्ला न ऐकता, माझाही नाही, आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला.

सासूबाईंशी बोलताना “तुमचं चुकलं” असा सूर येऊ देऊ नका, कारण पहिल्या दोन-अडीच महिन्यांत त्यांच्यामुळे तुम्हाला सलग झोप मिळाली, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. ते त्यांना सांगा, आणि मनापासून सांगा. मग दुपारी तो जागा आणि खुशीत असताना, हात मोकळे ठेवून त्याला चटईवर उताणं ठेवा आणि दोघी शेजारी बसा. तो पाय वर घेईल, कंबर पिळवटेल, एका अंगावर जाईल. मग दुपटं हातात घेऊन फक्त एवढंच विचारा, “आई, असा हा रात्री बांधलेला असताना वळला, तर हात कुठून काढणार?” माझा अनुभव आहे की आज्या इथे वाद घालत नाहीत. ज्या आजीनं मला सगळ्यात जास्त विरोध केला होता, तिनंच दुसऱ्या दिवशी घरातली सगळी दुपटी धुऊन घडी करून वर ठेवली.

तुम्ही मात्र वर ठेवू नका. चटईवर पालथं खेळवताना छातीखाली अंथरायला, दूध पाजताना खांद्यावर टाकायला, आंघोळीनंतर पुसायला ती रोज लागतील. बाबागाडीवर उन्हासाठी पडद्यासारखी मात्र घालू नका, आत हवा कोंडते आणि बघता बघता तापते.

आणि मोकळ्या हातांच्या पहिल्या तीन रात्री कशा गेल्या ते मला लिहा. किती वेळा उठला, कोण कोण उठलं, मानेमागे हात लावल्यावर काय वाटलं, सगळं. रात्र फारच वाईट गेली तरी लिहा, पण त्याला पुन्हा बांधायच्या आधी लिहा.